दुरुस्ती कोणाची?

ऑगस्ट २०११ मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी शहरातील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांसाठी ‘यंग मेन्स इनिशिएटिव्ह’ ही योजना जाहीर केली. तीन वर्षांत १२ कोटी ७० लाख डॉलर खर्च करायचे ठरले होते. त्यांपैकी तीन कोटी ब्लूमबर्ग यांच्या स्वतःच्या दानसंस्थेने, तीन कोटी जॉर्ज सोरोस यांच्या ओपन सोसायटी फाउंडेशन्सने आणि उरलेले शहराच्या तिजोरीने द्यायचे होते. शिक्षण, रोजगार, आरोग्य आणि न्यायव्यवस्था या चार क्षेत्रांत या मुलांची वाट नेमकी कुठे अडते, ते शोधून तिथे पैसा आणि माणसे लावायची, असा तो बेत होता. एका अमेरिकन महानगराने आपल्याच कारभारात एका समाजगटातील मुलगे सातत्याने मागे पडत असल्याचे इतक्या उघडपणे मान्य करावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पोलिसांनी लोकांना रस्त्यात थांबवून चौकशी केल्याच्या ६,८५,७२४ नोंदी केल्या. दहांपैकी जवळजवळ नऊ प्रसंगी थांबवलेल्या माणसाला अटकही झाली नाही आणि समन्सही बजावले गेले नाही, म्हणजे कारवाई करण्याजोगे काहीही सापडले नव्हते. चौदा ते चोवीस वयाचे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पुरुष शहराच्या लोकसंख्येत ४.७ टक्के होते; थांबवलेल्यांत त्यांचे प्रमाण ४१.६ टक्के होते. न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने पोलिसांच्याच नोंदींवरून काढलेला हिशेब आणखी विलक्षण होता: त्या वर्षी या वयाच्या कृष्णवर्णीय तरुणांना जितक्या वेळा थांबवले गेले, ती संख्या शहरातील अशा तरुणांच्या एकूण संख्येपेक्षा मोठी होती. योजना जाहीर करणारे महापौर आणि या पोलीस खात्याचे वरिष्ठ एकच होते.

गेली बरीच वर्षे मी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स या भागात राहते आणि एका सार्वजनिक संस्थेत नोकरी करते. अशा योजनांतून येणारी मुले आमच्याकडे कामाला येत असल्यामुळे मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटू लागले, आणि त्या कुतूहलापोटी मी त्यांचे मूल्यमापन करणारे अहवाल वाचू लागले. न्यूयॉर्क, शिकागो, ओकलंड, रिचमंड अशा शहरांविषयीचे हे अहवाल वाचून माझे जे मत बनले, ते असे: ज्या योजना मुलालाच सदोष मानून त्याला दुरुस्त करायला निघाल्या, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही, आणि मुलाच्या वाटेत उभी असलेली संस्था, मग ती शाळा असो, तुरुंग असो, पोलीस असोत की रोजगार देणारा मालक असो, जिथे स्वतः थोडी तरी हलली, तिथे मोजता येईल असा फरक पडला. या मताला छेद देणारे पुरावेही आहेत, आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

आधी एका रास्त प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. केवळ मुलग्यांसाठीच योजना का? अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सुमारे दोन कोटी अमेरिकन मुलांच्या आयुष्याचा मागोवा जनगणना आणि आयकराच्या नोंदींतून घेतला होता. सारख्याच उत्पन्नाच्या घरांत आणि एकाच वस्तीत वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलग्यांची तुलना केली, तर देशातील ९९ टक्के वस्त्यांत कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी कमी कमावतात, असे त्यात आढळले. पालकांचे उत्पन्न सारखे धरले, तर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रियांच्या वैयक्तिक कमाईत मात्र असे अंतर जवळजवळ दिसले नाही. म्हणजे गरिबी हे एकच कारण पुरत नाही आणि कुटुंब हे एकच कारणही पुरत नाही, कारण बहीण-भाऊ एकाच घरात वाढलेले असतात. मात्र वैयक्तिक कमाईत अंतर नाही याचा अर्थ मुलींपुढे अडचणी नाहीत, असा कोणी काढू नये. फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ‘माय ब्रदर्स कीपर’ ही राष्ट्रीय मोहीम सुरू केल्यानंतर जून महिन्यात हजारांहून अधिक कृष्णवर्णीय आणि अन्य गौरेतर स्त्रियांनी त्यांना जाहीर पत्र लिहिले. त्याच शाळांत शिकणाऱ्या आणि त्याच रस्त्यांवरून जाणाऱ्या मुलींना या मोहिमेत जागा का नाही, असा त्या पत्राचा प्रश्न होता. विधिज्ञ किंबर्ली क्रेनशॉ या भूमिकेच्या अग्रभागी होत्या. हा आक्षेप मला पटतो. पण त्यावरचा उपाय योजना बंद करण्याचा नसून तिची कक्षा रुंद करण्याचा आहे.

आता शिकागोकडे वळते, कारण माझ्या मताला सर्वांत मोठे आव्हान तिथून मिळते. ‘बिकमिंग अ मॅन’ हा कार्यक्रम तिथल्या ‘यूथ गायडन्स’ या संस्थेने २००१ च्या सुमारास सुरू केला. आठवड्यातून एकदा, शाळेच्याच वेळेत, डझनभर मुले एका समुपदेशकाबरोबर बसतात. पहिल्या काही बैठकींतला एक खेळ या क्षेत्रात आता प्रसिद्ध झाला आहे. मुलांच्या जोड्या लावतात, एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात की अर्ध्या मिनिटात याच्या मुठीतून तो काढून घे. मग ओढाताण, धक्काबुक्की, मनगट पिरगाळणे असा सगळा प्रकार होतो. वेळ संपल्यावर समुपदेशक विचारतो, की चेंडू नुसता मागून का पाहिला नाही. मागितला असता, तर काय करायचे होते, असे चेंडू धरणाऱ्यांना विचारले, तर बहुतेक जण म्हणतात, देऊन टाकला असता, चेंडूच तर होता.

हा कार्यक्रम मुलाच्या मनाशी आणि त्याच्या प्रतिक्रियांशी झुंजतो, आणि तरीही तो परिणामकारक ठरला. शिकागो विद्यापीठाच्या ‘क्राइम लॅब’ने लॉटरी पद्धतीने मुले निवडून त्याच्या दोन मोठ्या चाचण्या घेतल्या. कार्यक्रम सुरू असतानाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या, आणि पहिल्या चाचणीतील मुलांचे शालेय शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढले. अटकांवरचा परिणाम कार्यक्रम संपल्यावर मात्र टिकला नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण. ही मुले विचार न करता हात उगारतात ती स्वभावदोषामुळे नव्हे. त्यांच्या वस्तीत कोणी अंगावर आले आणि आपण नमते घेतले, तर दुसऱ्या दिवशी आणखी चौघे अंगावर येतात, म्हणून लगेच उलटून उभे राहणे तिथे शहाणपणाचे असते. तीच सवय वर्गात शिक्षकासमोर नडते. कार्यक्रम मुलाला तुझे चुकते असे सांगत नाही. आत्ता आपण कुठे उभे आहोत, हे क्षणभर थांबून पाहायला शिकवतो. म्हणजे मुलाच्या मनाशी काम करणारी ही योजनासुद्धा तो ज्या परिस्थितीत राहतो ती खरी मानते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ओबामा शिकागोच्या हाइड पार्क अकॅडमी या शाळेत अशाच एका गटात जाऊन बसले होते, आणि पुढच्या वर्षीच्या राष्ट्रीय मोहिमेची बीजे त्या भेटीत शोधली जातात.

शिकागोतल्याच एका उन्हाळी रोजगार योजनेची चाचणी याहून साधी आहे आणि मला अधिक बोलकी वाटते. २०१२ च्या उन्हाळ्यात, हिंसाचार जास्त असलेल्या १३ शाळांतील १,६३४ मुलामुलींमधून लॉटरीने काही जणांना आठ आठवड्यांचे, आठवड्याला २५ तासांचे, किमान वेतनाचे काम देण्यात आले आणि सोबत एक मार्गदर्शक नेमण्यात आला. अर्थशास्त्रज्ञ सारा हेलर यांनी पुढच्या सोळा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. काम मिळालेल्यांमध्ये हिंसक गुन्ह्यांच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि विशेष म्हणजे हा फरक मुख्यतः उन्हाळा संपून काम सुटल्यानंतरचा होता. मुले कामात गुंतून राहिल्यामुळे रस्त्यावर आली नाहीत, एवढेच त्याचे कारण असते, तर फरक काम सुरू असतानाच दिसायला हवा होता.

न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी नोकऱ्यांची अशी योजना १९६३ पासून चालू आहे. चौदा ते चोवीस वयोगटातील कोणालाही अर्ज करता येतो; वर्ण विचारला जात नाही, परंतु अर्जदारांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले मोठ्या संख्येने असतात. सहा आठवड्यांचे काम असते आणि अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येत असल्यामुळे बहुतेक जागा सोडतीने भरल्या जातात. ही सोडत अनायासेच संशोधनासाठी आदर्श ठरली. अलेक्झांडर गेल्बर, अॅडम आयझेन आणि जड केसलर यांनी २००५ ते २००८ या काळातील सुमारे तीन लाख अर्जदारांच्या पुढच्या आयुष्याचा शोध घेतला. निष्कर्ष अनपेक्षित होते. सोडतीत नाव निघालेल्या मुलांची पुढच्या काही वर्षांतील कमाई वाढली नाही, उलट किंचित कमीच झाली. महाविद्यालयात जाण्याच्या प्रमाणातही फरक पडला नाही. मात्र तुरुंगात जाण्याचे प्रमाण कमी झाले, आणि तरुण वयात मृत्यू येण्याचे प्रमाण १८ ते २० टक्क्यांच्या आसपास घटले. ही घट मुख्यतः मुलग्यांत आणि हत्या-अपघातांसारख्या बाह्य कारणांनी येणाऱ्या मृत्यूंत होती.

हा निष्कर्ष मी अनेकदा वाचला आहे आणि तो सहजासहजी पचनी पडत नाही. रोजगार योजनेचे यशापयश आपण पगाराच्या आकड्यावर मोजायला बसतो. इथे पगार वाढला नाही, पण काही मुले जिवंत राहिली. आमच्याकडे येणारी मुले पुस्तके लावणे, नोंदी तपासणे, लहान मुलांच्या वर्गात मदत करणे, अशी कामे करतात आणि त्यांतले काही कौशल्य म्हणून पुढे कुठे उपयोगी पडत असेल, याविषयी मी साशंक आहे. परंतु कामाला लागण्यासाठी त्यांना जे करावे लागते, त्याकडे लक्ष दिले की थोडा उलगडा होतो. अठरा वर्षांखालील मुलाला कामाचा परवाना लागतो, त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि पालकाची सही लागते, सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाचे, कार्ड शोधावे लागते, पगार जमा होण्यासाठी अनेकांना आयुष्यातले पहिले खाते उघडावे लागते. सरकारी खिडकीसमोर आरोपी किंवा लाभार्थी म्हणून नव्हे, तर कामगार म्हणून उभे राहण्याचा हा त्यांचा पहिला प्रसंग असतो. शिवाय, कामाला न आल्यास फोन करून चौकशी करणारे, घरातले किंवा शाळेतले नसलेले, एक प्रौढ माणूस त्यांच्या आयुष्यात येते. यातल्या कशाने मृत्यू टळतात हे त्या संशोधनात सिद्ध झालेले नाही; हा माझा तर्क आहे. २०२२ पासून शहराने या योजनेतील जागा एक लाखापर्यंत नेल्या, हा निर्णय मला न्यूयॉर्कच्या अलीकडच्या कारभारातील सर्वांत समंजस निर्णयांपैकी एक वाटतो.

रायकर्स बेटावरचा प्रयोग याच्या नेमका उलट होता. ईस्ट नदीतल्या या बेटावर शहराचा तुरुंग आहे, आणि तिथे ठेवलेल्यांपैकी बहुतेक जणांचा खटला अजून चालायचा असतो. २०१२ मध्ये, याच ‘यंग मेन्स इनिशिएटिव्ह’च्या छत्राखाली, तिथल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलांना विचार आणि वर्तन बदलण्याचे धडे देणारा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या अर्थकारणाचीच जास्त चर्चा झाली, कारण अमेरिकेतील तो पहिला ‘सोशल इम्पॅक्ट बाँड’ होता. गोल्डमन सॅक्स या बँकेने ९६ लाख डॉलर कर्जाऊ देऊ केले आणि ब्लूमबर्ग यांच्या दानसंस्थेने त्यांपैकी ७२ लाखांची हमी घेतली. सुटलेली मुले पुन्हा तुरुंगात येण्याचे प्रमाण १० टक्क्यांनी घटले, तर शहर बँकेचे मुद्दल फेडणार होते, त्याहून जास्त घटले तर बँकेला नफा मिळणार होता, आणि घटले नाही तर शहराला काहीच द्यावे लागणार नव्हते. २०१५ मध्ये मूल्यमापन करणाऱ्या व्हेरा इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने निकाल दिला: पुन्हा तुरुंगात येण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडलेला नाही. त्याच ऑगस्टमध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. शहराचा पैसा वाचला, म्हणून काही जणांनी यालाही यश म्हटले. मला तो युक्तिवाद कोरडा वाटतो.

कारण त्या मुलांना धडे दिले जात होते ते कुठे? ऑगस्ट २०१४ मध्ये मॅनहॅटनचे फेडरल सरकारी वकील प्रीत भरारा यांच्या कार्यालयाने रायकर्सवरील किशोरवयीन कैद्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांकडून होणारी मारहाण तिथे नित्याची झाली आहे आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एकांतकोठडीत ठेवण्याचा अतिरेक होतो, असे त्यात नोंदवलेले होते. ब्राँक्समधल्या कलिफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या मुलाला २०१० मध्ये पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले होते. तीन हजार डॉलरचा जामीन घरच्यांना भरता आला नाही. खटला न चालताच तो सुमारे तीन वर्षे रायकर्सवर होता आणि त्यातला बराच काळ एकांतकोठडीत होता. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले, आणि जून २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. अशा जागी एखाद्या मुलाला निर्णयक्षमतेचे पाठ द्यायचे आणि नंतर त्याने काय शिकले ते मोजायचे, यात मूळ मांडणीच चुकलेली आहे. बदल घडला तो वेगळ्या मार्गाने. सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांची एकांतकोठडी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. सोळा वर्षांच्या प्रत्येक आरोपीला आपोआप प्रौढ मानणारी देशात दोनच राज्ये उरली होती, त्यांत न्यूयॉर्क होते. एप्रिल २०१७ मध्ये तो कायदा बदलला आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत ही मुले रायकर्सवरून हलवली गेली.

‘यंग मेन्स इनिशिएटिव्ह’मधलाच ‘आर्चेस’ हा कार्यक्रम प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे, असलेल्या तरुणांसाठी होता. त्यात मार्गदर्शक म्हणून त्याच वस्तीतली, स्वतः तुरुंगात जाऊन आलेली माणसे नेमली गेली. सरकारी खात्याने माजी कैद्यांना पगारावर घेऊन तरुणांची जबाबदारी सोपवणे, ही त्या खात्याच्या दृष्टीने स्वतःलाच वळवण्याची गोष्ट होती. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१८ च्या मूल्यमापनात, या तरुणांना गंभीर गुन्ह्यासाठी पुन्हा शिक्षा होण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा पहिल्या वर्षात ६९ टक्क्यांनी आणि दोन वर्षांत ५७ टक्क्यांनी कमी आढळले. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहराने हीच कल्पना आणखी पुढे नेली. ज्यांच्या हातून पुढची गोळी सुटण्याची शक्यता सर्वाधिक आहे, असे मोजके तरुण शोधून त्यांना दीड वर्षाची ‘फेलोशिप’ दिली, आणि ठरलेली पावले उचलल्यास महिन्याला हजार डॉलरपर्यंत रक्कमही दिली. गुंडांना पगार, अशी त्यावर टीका झाली. पुढे झालेल्या अभ्यासात बंदुकीच्या हिंसाचारात मोठी घट दिसली. बंदुकीविना होणाऱ्या हिंसाचारात मात्र थोडी वाढही दिसली, आणि समर्थकांनी ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

शाळांबाबत चित्र असेच संमिश्र आहे. न्यूयॉर्कने निवडलेल्या ४० माध्यमिक शाळांना जादा निधी देणारा उपक्रम राबवला. मुलांनी शाळेत आपल्याला न्याय्य वागणूक मिळते असे अधिक प्रमाणात सांगितले, पण महाविद्यालयात जाण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडच्या शाळा विभागाने २०१० मध्ये कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडले आणि रोजच्या वेळापत्रकातच एक तास ठेवला. तो तास कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक घेत. थॉमस डी आणि एमिली पेनर यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे कृष्णवर्णीय मुलग्यांच्या शाळागळतीत ४३ टक्के घट झाली. न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या सुमारास विद्यार्थ्यांत गौरेतर मुलगे ४३ टक्के होते आणि शिक्षकांत गौरेतर पुरुष सुमारे आठ टक्के. म्हणून ब्लूमबर्ग यांच्यानंतरचे महापौर डि ब्लासिओ यांच्या काळात एक हजार गौरेतर पुरुषांना शिक्षकी पेशाकडे आणण्याचे लक्ष्य ठरवले गेले. निधी वाटण्यापेक्षा वर्गात कोण उभे आहे, हे बदलणे अधिक उपयोगी ठरले असावे, असे मला या दोन शहरांकडे पाहून वाटते.

माझ्या मताला दुसरा धक्का देणारा पुरावा इथे सांगायला हवा. नोकरीच्या अर्जावर ‘तुम्हाला पूर्वी शिक्षा झाली आहे का’ हा रकाना असू नये, असा आदेश ब्लूमबर्ग यांनी २०११ मध्येच शहराच्या खात्यांसाठी काढला आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कने तो खासगी मालकांनाही लागू केला. संस्थेने स्वतः बदलण्याचे हे उत्तम उदाहरण, असे मी म्हटले असते. परंतु अमांडा एगन आणि सोंजा स्टार या संशोधकांनी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. रकाना असताना गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सात टक्के जास्त बोलावणी येत होती. रकाना काढल्यावर हे अंतर ४३ टक्क्यांवर गेले. माहिती हाती नसली की मालक नावावरून अंदाज बांधतो, आणि ज्याच्यावर कधीही गुन्हा नव्हता अशा कृष्णवर्णीय तरुणाला त्या अंदाजाची किंमत मोजावी लागते. नियम बदलला, परंतु मालकाच्या डोक्यातला तर्क तसाच राहिला.

पोलिसांबाबत मात्र नियम बदलल्याचा परिणाम स्वच्छ दिसला. ऑगस्ट २०१३ मध्ये फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर या खटल्यात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी थांबवून झडती घेण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. २०१४ मध्ये नोंदी सुमारे ४६ हजारांवर आल्या. गुन्हेगारी उफाळून येईल, असे महापौर आणि पोलीस आयुक्त सांगत होते. २०११ मध्ये शहरात ५१५ हत्या झाल्या होत्या, २०१४ मध्ये ३३३ झाल्या आणि २०१७ मध्ये २९२. या घटीचे श्रेय कोणाला द्यावे, हा वेगळा वाद आहे. लाखो तरुणांना भिंतीशी उभे केल्याविना हत्या वाढतील, हे भाकीत मात्र खोटे ठरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये ब्लूमबर्ग यांनी या धोरणाबद्दल क्षमा मागितली. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करण्याच्या अगदी तोंडावर ती आली, त्यामुळे तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे प्रत्येकाने ठरवावे.

आमच्या मराठी मंडळींच्या बैठकीत हा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणते, ‘सरकार एवढे देते, तरी ही पोरे सुधारत नाहीत, आपली मुले बघा.’ आपली मुले बहुधा शिकलेल्या आईबापांसोबत, व्हिसाच्या चाळणीतून निवडून इथे आलेली असतात, हे या तुलनेत विसरले जाते. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीपासून चालण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. पण त्यांनी भारतात जे मिळवले आणि इथे जे चालले आहे, त्यात मूलभूत फरक आहे. आपल्याकडे राखीव जागांना राज्यघटनेच्या पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदांचा आधार आहे. इथे शहराच्या योजना वार्षिक अंदाजपत्रकावर आणि दात्यांच्या मर्जीवर जगतात, आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वर्णाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवल्यापासून वर्णाचे नाव घेऊन काही करणे आणखी अवघड झाले आहे. म्हणून शहरे वस्ती, शाळा किंवा प्रोबेशन असे निकष लावून तीच मुले गाठायचा प्रयत्न करतात. यामुळे योजना कायद्याच्या कचाट्यातून वाचते. परंतु २०११ मध्ये जे उघडपणे मान्य केले होते, ते पुन्हा अध्याहृत ठेवावे लागते.

दरम्यान २०२२ पासून पोलिसांनी लोकांना थांबवण्याच्या नोंदी पुन्हा वाढू लागल्या. त्या वर्षी बेकायदा बंदुका शोधण्यासाठी विशेष पथके नेमली गेली. न्यायालयाने नेमलेल्या निरीक्षकांनी जून २०२३ च्या अहवालात नोंदवले, की या पथकांनी थांबवलेल्यांपैकी ९७ टक्के लोक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते आणि तपासलेल्या प्रसंगांपैकी सुमारे चोवीस टक्के प्रसंगी थांबवणे बेकायदा होते. हे त्याच काळातले आहे, जेव्हा उन्हाळी नोकऱ्यांच्या जागा एक लाखावर गेल्या होत्या. महापौरांचा वार्षिक व्यवस्थापन अहवाल प्रत्येक खात्याचा हिशेब वेगवेगळ्या प्रकरणात देतो, त्यामुळे युवक विभागाचे आकडे एका ठिकाणी आणि पोलिसांचे दुसऱ्या ठिकाणी वाचावे लागतात. प्रत्येक वस्तीसाठी एकाच पानावर हे चार आकडे छापले जावेत, असे मला वाटते: त्या वर्षी तिथल्या किती मुलांना उन्हाळी काम मिळाले, किती जणांचे नाव सोडतीत निघाले नाही, किती मुलांना पोलिसांनी थांबवले, आणि त्यांपैकी किती जणांकडे काहीच सापडले नाही.